एका हुकुमाची सहा वर्षे

२६ जुलै १९४८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी ज्या हुकुमावर सही केली, आणि जो तेथील सरकारी दप्तरांत ९९८१ या क्रमांकाने नोंदलेला आहे, तो वाचून संपविण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. सशस्त्र दलांतील सर्व व्यक्तींना वंश, वर्ण, धर्म अथवा मूळ देश यांचा विचार न करता समान वागणूक व समान संधी मिळावी, हे अध्यक्षांचे धोरण असल्याचे त्यात जाहीर केले आहे. हे धोरण शक्य तितक्या त्वरेने, मात्र कार्यक्षमतेस व सैनिकांच्या मनोधैर्यास धक्का न लावता जे फेरबदल करावे लागतील त्यांस लागणारा अवधी ध्यानात घेऊन, अमलात आणावे असे फर्माविले आहे. आणि लष्कराचे नियम व शिरस्ते तपासण्यासाठी सात सदस्यांची एक समिती मुकर्रर केली आहे. कृष्णवर्णीयांच्या निराळ्या पलटणी मोडाव्यात, असे एकही वाक्य त्यात नाही. तथापि अमेरिकेच्या सैन्यातील वर्णभेदाचा अंत याच दिवशी झाला असे मानण्याचा प्रघात पडला असून, त्याचा पन्नासावा, साठावा आणि पंचाहत्तरावा वर्धापनदिन समारंभपूर्वक साजरा झाला. स्मरणोत्सवाला एक निश्चित तारीख लागते हे खरे. परंतु शेवटची पृथक पलटण प्रत्यक्षात मोडली ती १९५४ मध्ये, आणि हुकूम निघण्यापूर्वीच्या आठ दशकांत व निघाल्यानंतरच्या सहा वर्षांत जे घडले ते ध्यानात घेतल्यावाचून त्या तारखेचा अर्थ लागत नाही.

युद्ध आले की कृष्णवर्णीयांस बोलवावे आणि युद्ध सरले की विसरावे, ही गरज सरो वैद्य मरो अशी रीत अमेरिकन सैन्यात फार जुनी. उत्तर-दक्षिण यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले, आणि त्यांतील जवळजवळ ४० हजार, बहुतांशी रोगराईने, मरण पावले. तरीही गोऱ्या शिपायाचा मासिक पगार १३ डॉलर असताना कृष्णवर्णीयास १० डॉलर ठरविले जात, आणि त्यांतूनही कपड्यांपोटी तीन कापून घेतले जात. मॅसॅच्युसेट्सच्या चोपन्नाव्या पलटणीने हा अपमान पत्करण्यापेक्षा पगारच न घेण्याचे ठरविले, आणि वर्षाहून अधिक काळ एक पैही न स्वीकारता लढाई मात्र चालू ठेवली. जुलै १८६३ मध्ये वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात ही पलटण पुढे होती तेव्हाही तिचा पगार थकलेलाच होता. समान वेतनाचा कायदा झाला तो जून १८६४ मध्ये. या प्रसंगात पुढील साऱ्या इतिहासाचे बीज दिसते: हक्क मिळाला तो पराक्रमाच्या कौतुकापोटी मिळाला नाही, ज्यांचा हक्क होता त्यांनी नुकसान सोसून तो सोडण्याचे नाकारले म्हणून मिळाला.

युद्धानंतर १८६६ च्या कायद्याने घोडदळाच्या दोन व पायदळाच्या चार कृष्णवर्णीय पलटणी कायमच्या उभारण्यात आल्या, व तीन वर्षांत पायदळाच्या चारांच्या दोन करण्यात आल्या. त्यांनी पश्चिमेच्या माळरानांवर व क्यूबातील लढाईत नाव कमावले. परंतु त्यांचे अधिकारी बहुतेक गोरेच असत. वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयातून १८७७ मध्ये पदवी मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय, हेन्री फ्लिपर, पाच वर्षांनी बडतर्फ झाला, आणि त्याच्या नावावरील डाग अध्यक्षांच्या माफीने पुसला गेला तो १९९९ मध्ये. १९०६ साली टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावी झालेल्या गोळीबाराचा आळ आल्यावरून अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पंचविसाव्या पलटणीतील १६७ शिपायांना, कोणताही खटला न चालविता, एका फटक्यात बडतर्फ केले. तो हुकूम रद्द व्हावयास १९७२ साल उजाडले. पहिल्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातून गेलेली ३६९वी पलटण अमेरिकन सेनापतींनी फ्रेंचांच्या हवाली केली; फ्रेंचांच्या हाताखाली ती १९१ दिवस आघाडीवर राहिली, आणि फ्रेंच सरकारने तिचा शौर्यपदकाने सन्मान केला. परका देश ज्या सैनिकांना मान देतो त्यांना स्वतःचा देश आपल्या रांगेत उभे करीत नाही, ही विसंगती त्या सैनिकांच्या ध्यानात आली होती. राज्यकर्त्यांच्या मात्र ती पचनी पडली होती.

ती पचविण्यासाठी एक तात्त्विक पाचकही तयार करण्यात आले. १९२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी महाविद्यालयाने युद्धकाळातील कृष्णवर्णीय मनुष्यबळाच्या उपयोगावर जो अहवाल दिला, त्यात ही माणसे बुद्धीने, धैर्याने व नेतृत्वगुणाने जन्मतःच उणी असतात असे प्रतिपादन शास्त्राच्या आविर्भावात केलेले होते. ज्यांना नेतृत्वाची संधीच दिली नाही त्यांच्यात नेतृत्व आढळत नाही, या निष्कर्षातील वर्तुळ कोणा अधिकाऱ्याला खटकले नाही. परिणामी १९४० मध्ये अमेरिकेच्या साऱ्या स्थायी सैन्यात कृष्णवर्णीय अधिकारी अवघे पाच होते; त्यांतील तिघे धर्मोपदेशक, आणि उरलेले दोघे म्हणजे बेंजामिन डेव्हिस नावाचे पिता-पुत्र. यांतील पुत्र वेस्ट पॉइंटला होता तेव्हाची हकीकत सांगण्याजोगी आहे. तो खोलीत एकटा राहत असे आणि पंगतीत एकटा जेवत असे. चार वर्षे त्याच्या एकाही सहाध्यायाने शिस्तीच्या कामापुरते सोडून त्याच्याशी एक शब्द उच्चारला नाही, या हेतूने की कंटाळून त्याने निघून जावे. तो गेला नाही. १९३६ मध्ये वर्गातील २७६ जणांत पस्तिसाव्या क्रमांकाने तो उत्तीर्ण झाला, आणि पुढे टस्कीगी येथे शिकलेल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचा सेनानायक म्हणून युरोपच्या आकाशात लढला.

दुसरे महायुद्ध वंशश्रेष्ठत्वाचा डंका पिटणाऱ्या हिटलरविरुद्ध पुकारलेले होते. ते लढणाऱ्या सैन्यात मात्र ऑक्टोबर १९४० च्या सरकारी निवेदनाप्रमाणे कृष्णवर्णीय व गोरे यांना एका पलटणीत न मिसळण्याचे धोरण कायम होते. आरमारात १९४२ पर्यंत कृष्णवर्णीयास प्रवेश असे तो भोजनगृहातील वाढप्याच्या कामापुरता. पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दिवशी डोरी मिलर या अशाच एका सेवकाने, जे चालविण्याचे शिक्षण त्याला कधीच दिलेले नव्हते त्या विमानविरोधी मशिनगनचा ताबा घेतला आणि तो गोळीबार करीत राहिला. त्याला आरमाराचे नेव्ही क्रॉस हे पदक मिळाले. पण भोजनगृहाचे काम सुटले नाही. जखमींसाठी रेडक्रॉसने गोळा केलेले रक्तसुद्धा दात्याच्या वर्णाप्रमाणे निरनिराळे ठेवले जाई, आणि ही व्यवस्था १९५० पर्यंत टिकली. आपल्याकडे आसामातील लेडो गावापासून ब्रह्मदेशाच्या जंगलातून चीनकडे जाणारा जो रस्ता अमेरिकनांनी काढला, त्यावर चिखलात व मलेरियात राबणाऱ्या अमेरिकन सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीयच होते. बंदुकीपेक्षा फावडे त्यांच्या वाट्यास अधिक येई, आणि फावडे हाती दिल्यावर त्यांना लढता येत नाही असे म्हणावयास अधिकारी मोकळे राहत.

या काळातील अपमानाचे सर्वांत बोलके चित्र एका लहानशा पत्रात उतरले आहे. एप्रिल १९४४ मध्ये 'यँक' या लष्करी साप्ताहिकात रूपर्ट ट्रिमिंगहॅम या कृष्णवर्णीय कॉर्पोरलचे पत्र प्रसिद्ध झाले. तो आणि त्याचे आठ सहकारी लुइझिआना राज्यातील छावणीतून ॲरिझोनातील लष्करी इस्पितळाकडे निघाले होते. गाडी दुसऱ्या दिवशी असल्यामुळे त्यांना वाटेत मुक्काम पडला. गावातील एकाही उपाहारगृहात त्यांना कपभर कॉफी मिळेना. अखेर रेल्वे स्टेशनावरील उपाहारगृहाने ती देऊ केली, पण मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊन घेण्याच्या अटीवर. साडेअकराच्या सुमारास सुमारे दोन डझन जर्मन युद्धकैदी, दोन अमेरिकन पहारेकऱ्यांसह, त्याच स्टेशनात आले. समोरच्या दाराने आत शिरले, टेबलांशी बसले, त्यांना जेवण वाढण्यात आले, आणि ते गप्पा मारीत, सिगारेटी ओढीत निवांत बसले. अमेरिकेच्या गणवेशातील सैनिक स्वयंपाकघराच्या दाराशी आणि अमेरिकेचे शत्रू दर्शनी दालनात, असा तो देखावा होता. आपण कशासाठी लढत आहोत, एवढेच त्या पत्रलेखकाने विचारले. या पत्राला गोऱ्या सैनिकांकडून मोठ्या संख्येने सहानुभूतीची उत्तरे आली, हेही येथे नमूद केले पाहिजे; कारण वर्णभेद हा सामान्य गोऱ्या शिपायाचा हट्ट असून सरकार केवळ त्याची मर्जी राखते, ही जी सबब सेनापती नेहमी पुढे करीत, तिला या पत्रव्यवहाराने पहिला तडा गेला.

दुसरा तडा प्रत्यक्ष रणभूमीवर गेला; पण त्याआधी मागच्या फळीत काय चालले होते तेही पाहिले पाहिजे. कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो बंदरात दारूगोळा जहाजांवर चढविण्याचे काम कृष्णवर्णीय खलाशांकडे आणि हुकूम सोडण्याचे काम गोऱ्या अधिकाऱ्यांकडे, अशी वाटणी होती. १७ जुलै १९४४ रोजी तेथे झालेल्या प्रचंड स्फोटात ३२० माणसे ठार झाली, त्यांत २०२ कृष्णवर्णीय होते. काही आठवड्यांनी तेच काम त्याच बेपर्वाईने पुन्हा करावयास सांगितल्यावर ज्यांनी नकार दिला त्यांतील ५० जणांवर बंडाचा आरोप ठेवून आरमाराने त्यांना दीर्घ सजा फर्मावल्या. त्यांना निर्दोष ठरविणारा निर्णय निघाला तो २०२४ च्या जुलैत, ऐंशी वर्षांनी. एकीकडे ही अवस्था असता, १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या बेल्जममधील अखेरच्या चढाईने पायदळात माणसांची इतकी टंचाई निर्माण केली की मागच्या फळीतील कृष्णवर्णीयांना स्वेच्छेने आघाडीवर येण्याचे आवाहन करणे सेनापतींना भाग पडले. दोन हजारांहून अधिक जण आले. कित्येकांनी त्यासाठी आपले वरचे हुद्दे सोडून साधा शिपाई होणे पत्करले. त्यांच्या तुकड्या गोऱ्या कंपन्यांत जोडण्यात आल्या. नंतर लष्कराने चौकशी केली तेव्हा असे आढळले की ज्या गोऱ्यांनी त्यांच्या शेजारी लढाई केली त्यांच्यातील बहुसंख्यांचे मत त्यांच्याविषयी पूर्वीपेक्षा अनुकूल झाले होते. हा निष्कर्ष युद्धकाळात उघड करण्यात आला नाही. युद्ध संपताच त्या तुकड्या बरखास्त झाल्या आणि ये रे माझ्या मागल्या सुरू झाले.

शांततेच्या काळात हा प्रश्न अध्यक्षांच्या दारी कसा गेला, त्याचे एक कारण अत्यंत क्रूर आहे. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी सार्जंट आयझॅक वुडर्ड हा पॅसिफिकमधील लढाईहून परतलेला सैनिक, काही तासांपूर्वीच सेवामुक्त होऊन, अंगावर गणवेश असतानाच जॉर्जियातून बसने घरी निघाला होता. लघुशंकेसाठी बस थांबविण्यावरून ड्रायव्हरशी त्याची बाचाबाची झाली. साउथ कॅरोलायनातील बेट्सबर्ग गावी ड्रायव्हरने पोलिसांस बोलाविले, आणि तेथील पोलीसप्रमुखाने दंडुक्याने त्याला असे मारले की त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. त्या अधिकाऱ्यावर खटला झाला, आणि केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर त्याची निर्दोष मुक्तता केली. सप्टेंबरमध्ये कृष्णवर्णीयांच्या प्रमुख संघटनेचे चिटणीस वॉल्टर व्हाइट यांनी ही हकीकत ट्रूमन यांच्या कानावर घातली. ट्रूमन हे मिसूरी राज्यातील, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यांचे वंशज. खाजगी बोलण्यात त्यांच्या तोंडी जुन्या वळणाचे शब्द येत, आणि सामाजिक समतेचे ते पुरस्कर्ते नव्हते. परंतु पहिल्या महायुद्धात ते तोफखान्याचे कप्तान होते, आणि गणवेशधारी सैनिकाचे डोळे फोडले जातात ही गोष्ट त्यांना सहन होण्यापलीकडची वाटली. दोन वर्षांनी एका जुन्या स्नेह्याने त्यांना या भानगडीतून अंग काढून घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा उत्तरादाखल त्यांनी याच घटनेचा दाखला दिला. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी नागरी हक्कांसाठी समिती नेमली, आणि पुढल्या ऑक्टोबरात तिने सेनादलांतील वर्णभेद बंद करण्याची शिफारस केली.

एवढ्यावरून सारे श्रेय अध्यक्षांच्या सद्बुद्धीला देणे मात्र इतिहासाशी प्रतारणा करण्यासारखे होईल. शिफारशी होऊनही काँग्रेसमधील दाक्षिणात्य सदस्यांच्या भीतीने हे घोंगडे भिजतच पडले असते, जर ए. फिलिप रँडॉल्फ नावाचा गृहस्थ मध्ये पडला नसता. रँडॉल्फ हे रेल्वेच्या शयनयानांत उतारूंची सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीय कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष. १९४१ मध्ये राजधानीवर प्रचंड मोर्चा आणण्याची धमकी देऊन त्यांनी तेव्हाचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडून युद्धसामग्रीच्या कारखान्यांतील भेदभावाविरुद्ध हुकूम मिळविला होता, आणि मोर्चा न काढताच तो जिंकला होता. १९४८ च्या वसंतात शांतताकाळातील सक्तीच्या लष्करभरतीचे विधेयक आले, आणि त्यात वर्णभेदाविरुद्ध एक अक्षरही नव्हते. २२ मार्च रोजी शिष्टमंडळासह भेटून त्यांनी ट्रूमन यांना स्पष्ट बजावले, की घरी ज्यांना लोकशाही नाकारली जाते ते कृष्णवर्णीय परदेशातील लोकशाहीसाठी पुन्हा बंदूक उचलण्यास तयार नाहीत. नऊ दिवसांनी सीनेटच्या समितीपुढे साक्ष देताना ते याहून पुढे गेले: असा कायदा झाल्यास तरुणांनी भरतीस नकार द्यावा असा सल्ला आपण उघडपणे देऊ, आणि त्यासाठी तुरुंगात जावे लागले तर जाऊ, असे त्यांनी सांगितले. युद्धाच्या प्रसंगी याला राजद्रोह म्हणतात, याची जाणीव सीनेटर वेन मोर्स यांनी करून दिल्यावरही त्यांनी शब्द मागे घेतला नाही. त्यांनी स्थापलेल्या चळवळीच्या नावातच अहिंसक कायदेभंग होता. तिचे एक प्रमुख कार्यकर्ते बेयर्ड रस्टिन हे गांधीमार्गाचे निष्ठावंत अभ्यासक होते, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ते हिंदुस्थानात येऊन गेले.

भरतीच्या कायद्यावर २४ जूनला सही झाली. जुलैच्या मध्यास फिलाडेल्फिया येथील डेमोक्रॅटिक अधिवेशनात ह्यूबर्ट हंफ्री यांच्या भाषणानंतर नागरी हक्कांचा ठराव संमत झाला, काही दाक्षिणात्य प्रतिनिधी सभात्याग करून गेले, आणि त्यांनी स्ट्रॉम थर्मंड यांना अध्यक्षपदाचे निराळे उमेदवार म्हणून उभे केले. दक्षिण अशी हातची गेल्यावर उत्तरेतील मोठ्या शहरांतील कृष्णवर्णीय मतदारांस तोंडाला पाने पुसून भागणार नव्हते. नैतिक संताप, निवडणुकीचा हिशेब आणि कायदेभंगाची धमकी हे तीन प्रवाह ज्या एका महिन्यात एकत्र मिळाले, त्याच महिन्यात हा हुकूम निघाला.

निघाला खरा, पण दुसऱ्याच दिवशी लष्करप्रमुख जनरल ओमर ब्रॅडली यांनी, सेना ही सामाजिक प्रयोगाची जागा नव्हे आणि देश बदलेल तेव्हा सेना बदलेल, अशा आशयाचे उद्गार काढले. दोन दिवसांनी पत्रकारांनी ट्रूमन यांना विचारले, की या हुकुमाचा अर्थ अखेर निराळ्या पलटणी मोडणे असा आहे काय. त्यांनी 'होय' असे एका शब्दात उत्तर दिले. तेवढ्यावर विसंबून रँडॉल्फ यांनी ऑगस्टमध्ये चळवळ थांबविली. कृष्णवर्णीयांस समान वागणूक द्यावी पण ती निराळ्या पलटणीत राहून मिळते, अशी पळवाट मात्र लष्करखात्याला मोकळी होती, आणि खात्याने ती सोडली नाही. खात्याचे सचिव केनेथ रॉयल हे मार्च १९४९ मध्ये, म्हणजे हुकुमानंतर आठ महिन्यांनी, समितीपुढे येऊन सांगत होते की सैन्य हे समाजसुधारणेचे साधन नाही आणि कृष्णवर्णीय हे लढाईच्या कामास कमी लायक आहेत.

ही समिती चार्ल्स फाही या वकिलाच्या अध्यक्षतेखाली नेमलेली होती, आणि तिच्यात लेस्टर ग्रेंजर व 'शिकागो डिफेंडर' पत्राचे प्रकाशक जॉन सेंगस्टॅक हे दोन कृष्णवर्णीय सदस्य होते. या प्रकरणाचा खरा इतिहास तिच्या कामात आहे. वास्तविक सरकारी समित्या कागदी घोडे नाचविण्यासाठी प्रसिद्ध. पण फाही यांनी न्यायनीतीवरील व्याख्याने बाजूस ठेवून लष्कराच्याच आवडत्या मुद्द्यावर, म्हणजे कार्यक्षमतेवर, उलटतपासणी सुरू केली. लष्करात कृष्णवर्णीयांची संख्या एकूण सैन्याच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ द्यावयाची नाही, असा नियम होता. कृष्णवर्णीय शिपाई गेला तर केवळ कृष्णवर्णीय पलटणीतच जाणार. त्या पलटणी थोड्या आणि बहुधा मजुरीच्या व वाहतुकीच्या कामाच्या. त्यामुळे ज्या कामांच्या जागा त्या पलटणींत नसतील त्या कामाचे शिक्षणही त्याला द्यावयाचे नाही. मग रेडिओ दुरुस्तीत हुशार असलेला कृष्णवर्णीय तरुण पोती उचलीत राही, आणि पलीकडच्या गोऱ्या पलटणीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची जागा रिकामी पडलेली असे. लष्कर म्हणे की आम्ही कार्यक्षमतेसाठी भेद पाळतो. समितीने लष्कराच्याच तक्त्यांवरून दाखवून दिले की हा भेद म्हणजे मनुष्यबळाची निव्वळ नासाडी आहे.

या युक्तिवादाचे बळ असे, की त्याला उत्तर देण्यासाठी विरोधकांना आपला खरा हेतू उघड करावा लागे. हवाई दलाने स्टुअर्ट सिमिंग्टन यांच्या कारकीर्दीत आपणहून पाऊल टाकले. १ जुलै १९४९ रोजी धाकट्या डेव्हिस यांचा ३३२वा वैमानिक गट मोडून त्यातील माणसे गुणानुरूप सर्वत्र वाटण्यात आली, आणि त्याच गटाने थोड्याच महिन्यांपूर्वी हवाई दलाची नेमबाजीची स्पर्धा जिंकलेली असल्यामुळे ती नालायक आहेत असे म्हणण्याची सोय राहिली नाही. आरमाराचे नियम कागदावर उत्तम होते, तरी त्याचे बहुसंख्य कृष्णवर्णीय खलाशी अजून भोजनगृहातच अडकलेले होते. लष्करखाते मात्र एकामागून एक अर्धवट मसुदे पाठवी, आणि समिती ते परत पाठवी. एकदा तर संरक्षणखात्याने समितीला न विचारता अपुरा आराखडा मंजूर करून वृत्तपत्रांस दिला; तेव्हा ट्रूमन यांनी तो केवळ प्रगतीचा अहवाल असल्याचे जाहीर करून समितीची बाजू राखली. अखेर जानेवारी १९५० मध्ये गुणवत्तेनुसार कोठेही नेमणूक करण्याचे आणि त्याच वर्षीच्या वसंतात दहा टक्क्यांची मर्यादा उठविण्याचे लष्कराने कबूल केले. मे महिन्यात समितीने अहवाल सादर केला, आणि त्यानंतर ती विसर्जित झाली.

अहवालानंतरच्या महिन्यातच कोरियात युद्ध पेटले, आणि जे कागदावर कबूल झाले होते ते रणांगणाने अमलात आणविले. मर्यादा उठल्यामुळे कृष्णवर्णीयांची भरती वाढली. साउथ कॅरोलायनातील फोर्ट जॅक्सन छावणीत दररोज येणाऱ्या शेकडो रंगरुटांची वर्णवार वाटणी करणे अशक्य झाले, म्हणून तेथील प्रमुखाने ती करणेच सोडून दिले. आणि ज्या दक्षिणेत दंगे होतील असे भाकीत होते तेथे काहीच घडले नाही. कोरियात गोऱ्या पलटणींत माणसे मरून जागा रिकाम्या पडत होत्या, मागे कृष्णवर्णीय सैनिक बेकाम साचत होते. काही सेनानायकांनी वरून हुकूम येण्याची वाट न पाहता त्यांना भरून घेतले. एप्रिल १९५१ मध्ये तेथील सेनापती मॅकआर्थर यांच्या जागी आलेले जनरल रिजवे यांनी या अनुभवास अधिकृत मान्यता मागितली, आणि २६ जुलै १९५१ रोजी, मूळ हुकुमाच्या बरोबर तिसऱ्या वर्धापनदिनी, अतिपूर्वेकडील सैन्यातील वर्णभेद मोडण्याचा निर्णय जाहीर झाला. १८६९ पासून चालत आलेली चोविसावी पलटण १ ऑक्टोबर रोजी बरखास्त झाली. युरोपातील सैन्याने पुढल्या वर्षी सुरुवात केली, आणि ३० ऑक्टोबर १९५४ रोजी शेवटची पृथक तुकडी संपल्याची घोषणा झाली. तोपर्यंत ट्रूमन निवृत्त होऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. राज्यांच्या ताब्यातील नॅशनल गार्ड या हुकुमाच्या कक्षेबाहेर राहिले. छावणीच्या फाटकाबाहेर पडताच घर भाड्याने न मिळणे, उपाहारगृहाने हाकलणे हे चालूच होते. त्याविरुद्ध संरक्षणमंत्री मॅक्नामारा यांनी काढलेल्या निर्देशावर २६ जुलै १९६३ ही तारीख आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरली आहेत त्या महार सैनिकांची भरती इंग्रज सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, लढाऊ जातींच्या तथाकथित शास्त्राचा आधार घेऊन बंद केली. गोपाळबुवा वलंगकर आणि त्यांच्यामागून शिवराम जानबा कांबळे यांनी त्याविरुद्ध अर्जामागून अर्ज केले. पहिल्या महायुद्धात निकड पडली तेव्हा १९१७ मध्ये एक महार पलटण उभारली गेली, आणि निकड सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. कायमची महार रेजिमेंट उभी राहिली ती डॉ. आंबेडकर सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर आल्यानंतर, ऑक्टोबर १९४१ मध्ये, बेळगाव येथे. सुभेदार रामजींचे हे चिरंजीव हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्युबॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंची व हिंदुस्थानातील अस्पृश्यांची स्थिती यांत पुष्कळ साम्य असल्याचे नमूद केले होते. अनुवंशाच्या नावाने माणसाला नालायक ठरवावयाचे, संकटात त्याला बोलवावयाचे आणि संकट टळताच तेच शास्त्र पुन्हा बाहेर काढावयाचे, ही रीत दोन्हीकडे एकच. आणि दोन्हीकडे ती मोडली ती ज्यांना वगळले त्यांच्या चिकाटीने.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने दिलेल्या सर्वोच्च शौर्यपदकांपैकी एकही त्या काळात कृष्णवर्णीयास मिळाले नव्हते. जानेवारी १९९७ मध्ये ती चूक सुधारून सात जणांस ते देण्यात आले, आणि ते स्वतः स्वीकारण्यास त्यांतील एकटे व्हर्नन बेकर हयात होते. पदकाला लागलेला हा पन्नासाहून अधिक वर्षांचा विलंब पाहता, राज्यकर्त्यांच्या सहीने अन्याय त्याच क्षणी संपतो ही समजूत सोडून दिली पाहिजे. ट्रूमन यांचे धैर्य लहान नव्हते, आणि त्यांची सही नसती तर फाही समितीही नसती. पण ती सही मिळविली पगार नाकारणाऱ्या पलटणीच्या वारसांनी, आणि ती खरी करून दाखविली एका समितीने सव्वा वर्ष लष्कराचे तक्ते चाळून. अमेरिकेने २६ जुलै अवश्य साजरा करावा. मात्र तो हुकुमाच्या औदार्याचा दिवस म्हणून करण्यापेक्षा, तो हुकूम काढावयास लावणाऱ्यांच्या आणि नंतर त्याची अंमलबजावणी वसूल करून घेणाऱ्यांच्या तगाद्याचा दिवस म्हणून करावा, हेच न्यायाचे होईल.